लहान शेतातील भाजीपाल्याचे अर्थशास्त्र

थोड्या जमिनीवर भाजीपाला पिकवून विकणाऱ्या कुटुंबाच्या हातात काय उरते आणि ते कशावर ठरते, याचा अभ्यास. धान्यशेतीचे हिशेब इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. धान्य कोठारात थांबते, तोडलेली पालेभाजी थांबत नाही. तोडणीनंतरही भाजीचे श्वसन चालूच राहते आणि तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून भाव पडलेला असला तरी माल आजच विकावा लागतो. भाजी पिकवणाऱ्याच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

जर्मन जमीनदार व अर्थतज्ज्ञ योहान हाइनरिक फोन थ्यूनेन यांनी 1826 मध्ये शहराभोवती कोणती शेती किती अंतरावर होते, हे वर्तुळांनी दाखवणारे प्रतिमान मांडले. त्यात शहराला लागूनच्या पहिल्या वर्तुळात भाजीपाला व दूध आहे, तेही मालाच्या नाशवंतपणामुळेच. रेल्वे, मोटारी आणि शीतगृहे आल्यावर हे वर्तुळ फुटले. दूरच्या मोठ्या शेतांचा माल बाजारात येऊ लागला.

खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो. काकडी किंवा घेवडा एकदा तोडून भागत नाही. हंगामभर दर एक-दोन दिवसांनी तोडावा लागतो, कारण राहिलेला माल जून होतो. मग धुणे, प्रतवारी, जुड्या बांधणे. हे काम घरची माणसे करतात आणि त्यांची मजुरी वहीत चढत नाही. वहीत दिसणारा नफा पुष्कळदा हीच न दिलेली मजुरी असते. अमर्त्य सेन यांनी 1962 मध्ये भारतीय शेतीच्या आकडेवारीवरून दाखवले की लहान शेतांचे एकरी उत्पादन मोठ्यांपेक्षा जास्त असते. मजूर लावणारा जिथे हात आखडतो, त्याच्या पुढेही घरची माणसे राबत राहतात, हे त्यांनी त्याचे एक कारण सांगितले. या निष्कर्षाचा आधार घेऊन लहान शेतीचे कौतुक होते, पण एकरी उत्पादन जास्त म्हणजे माणशी कमाई जास्त, असे नाही. राबणाऱ्याच्या एका तासाला किती मिळाले, हे विचारल्याशिवाय हिशेब खरा होत नाही.

भावाचा स्वभावही शेतकऱ्याच्या बाजूचा नसतो. भाजी स्वस्त झाली म्हणून कोणी दुप्पट खात नाही, त्यामुळे आवक थोडी वाढली तरी भाव खूप कोसळतो. धान्याबाबत याचीच उलट बाजू इंग्लिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स डॅव्हनंट यांनी 1699 मध्येच नोंदवली होती: पीक एक-दशांशाने घटले तर भाव तीन-दशांशांनी चढतो. त्यातच यंदाचा भाव पाहून पुढची लागवड होते. सगळे एकाच पिकाकडे वळतात, भाव पडतो, मग सगळे ते सोडतात आणि तो पुन्हा चढतो. अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी 1934 मध्ये या चक्राला 'कॉबवेब' म्हणजे कोळिष्टकाचे नाव दिले.

भाव फारच पडला की शेतकरी उभ्या पिकात नांगर घालतो. बाहेरून ही नासाडी वाटते. पण बी, खत, पाणी यांवरचा पैसा तोवर जाऊन चुकलेला असतो; तोडणी आणि वाहतुकीचा खर्चही निघणार नसेल, तर माल बाजारात नेणे म्हणजे तोट्यात भर घालणे.

विक्रीत एकट्याचे बळ अपुरे पडते. नेदरलँड्समधील ब्रूक ओप लांगेडाइक येथे 1887 मध्ये भाजीचा लिलाव सुरू झाला. त्यात भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी थांबवेल त्याला माल मिळतो. थेट ग्राहकाला विकले तर मध्यस्थाचा वाटा वाचतो, पण विकायला बसलेल्याचा वेळही मजुरीत धरायला हवा. जपानमध्ये 1970 च्या दशकात 'तेइकेई' या नावाने शेतकरी व ग्राहकांचे थेट करार रुजले. अमेरिकेत 1986 पासून हंगामाआधीच पैसे भरणाऱ्या ग्राहकांचे गट उभे राहिले. पेरणीच्या वेळी हातात पैसा येतो आणि पीक बुडाले तर झळ वाटली जाते, हा मोठाच आधार आहे. मात्र दर आठवड्याला वेगवेगळ्या भाज्यांची टोपली भरायची, म्हणजे डझनावारी पिके टप्प्याटप्प्याने लावावी लागतात, आणि एकाच पिकात मुरलेल्या शेतकऱ्याला हे नियोजन नव्याने शिकावे लागते.