धरणाची जनित्रं आणि ठिपक्यांचा बास

अलाबामातल्या कूसा नदीवर उन्हाळ्यात गळ टाकायला निघालेले लोक आधी धरणाचं वेळापत्रक बघतात. दुपारी घरोघरचे एसी लागले की विजेची मागणी चढते, जनित्रं फिरू लागतात आणि खालच्या जलाशयातलं निवांत पाणी वाहतं होतं. शॅडसारखे बारके मासे त्या ओढीत भरकटतात. त्यांना टिपायला स्पॉटेड बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पाण्यात घुसलेल्या खडकाळ सोंडांवर येऊन थांबतो. जनित्र बंद झालं की तोच मासा पांगतो, आणि मघाशी जमलेली जागा तासाभरात रिकामी वाटू लागते.

ओळख आधी पक्की हवी, कारण एकाच पाण्यात लार्जमाउथ बासही असतो. तोंड मिटलेलं असताना स्पॉटेड बासचा वरचा जबडा डोळ्याच्या मागच्या कडेपुढे जात नाही. पूर्ण वाढलेल्या लार्जमाउथचा जातो. स्पॉटेड बासच्या पोटाकडच्या खवल्यांवर ठिपक्यांच्या आडव्या ओळी दिसतात. जिभेवर बोट फिरवलं तर मधोमध पॉलिश पेपरसारखा खरखरीत पट्टा लागतो. नुसत्या जिभेवर मात्र भरवसा ठेवू नये, काही लार्जमाउथनाही तो असतो. आणखी एक गुंता आहे. कूसातला ‘स्पॉट’ २००८पासून अलाबामा बास ही वेगळी जात मानला जातो, पण काठावर दोघांनाही स्पॉटच म्हणतात.

नदीत तो मधली जागा धरतो. खळाळत्या पाण्यात स्मॉलमाउथ (बासचीच आणखी एक जात) आणि संथ गवताळ पाण्यात लार्जमाउथ हा ढोबळ नियम; स्पॉट त्यांच्या मध्ये, मोठ्या दगडामागे जिथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण पडते तिथे. आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून तळावरून घरंगळत येऊ द्यावं. प्रवाहाविरुद्ध पोहणारा क्रॉफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) माशाला पटत नाही.

तलावात काठ फारसा उपयोगाचा नाही. जॉर्जियातल्या लेनियर तलावात (अटलांटाच्या मराठी मंडळींच्या ओळखीचा) उन्हाळ्यात हे मासे २० ते ३० फूट खोलीवर बुडवलेल्या झाडाझुडपांच्या ढिगांवर असतात. पहाटे ब्लूबॅक हेरिंग या बारक्या माशांच्या मागे ते थेट पृष्ठभागावर उसळतात, तेव्हा पाण्यावर चालणारं आमिष लावावं. हिवाळ्यात ४०-५० फुटांवर शोधावं लागतं. वसंतात पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की नर खडी-गोट्यांवर घरटं करतात. सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) आधी बारक्या माशांचा ढग शोधायचा. तो नसेल तर ढीग कितीही देखणा असो, पुढे निघावं.

खोल पाण्यात सर्वांत भरवशाची रचना म्हणजे ड्रॉप-शॉट, म्हणजे वजन खाली आणि गळ त्याच्या वर. ६ ते ८ पौंड ताकदीचा फ्लूरोकार्बन धागा घ्यावा. १ किंवा २ नंबरचा गळ पालोमार नावाच्या गाठीने बांधावा आणि खाली दीड फूट शेपूट राखावी. ती शेपूट गळाच्या डोळ्यातून वरून खाली पुन्हा ओवली की गळ आडवा, टोक वर असा उभा राहतो. ही पायरी चुकली तर गळ धाग्याला चिकटून लोंबतो आणि मासा आमिष घेऊनही सुटतो. टोकाला सुमारे १० ग्रॅमचं वजन, गळाला नाकातून ओवलेला चार-पाच इंची रबरी किडा. वजन हलकं पडलं तर वारा नाव ढकलतो, धागा तिरका होतो आणि आमिष ढिगाच्या बाहेर जातं. वजन तळाला टेकवून ठेवावं. हात फार हलवू नये. स्पॉटची ओढ बहुधा नुसता ओला जडपणा जाणवावा अशी असते. तेव्हा हिसका मारला की बारीक धागा तुटतो. रीळ फिरवत काठी शांतपणे उचलावी, बारीक तारेचा गळ आपोआप रुततो.

तीस-चाळीस फुटांवरून वर आणलेल्या माशाची वायुपिशवी फुगते. रोहू-कटल्यासारख्या माशांच्या पिशवीची नळी अन्ननलिकेत उघडते, त्यामुळे जास्तीची हवा तोंडावाटे निघते. बासची पिशवी बंद असते. वायू रक्तावाटेच हळूहळू कमी होतो. सोडलेला मासा मग कुशीवर तरंगत राहतो. तोंडातून बाहेर आलेला फुगा म्हणजे उलटलेलं पोट. तो टोचला तर मासा दगावतो. वजन लावलेला चिमटा जबड्याला लावून त्याला खोलीवर परत नेऊन सोडणं हा सर्वांत सोपा इलाज. खायचेच असतील तर खोल पाण्यात नियमाइतके मासे झाले की थांबावं, ‘पकडा नि सोडा’ तिथे नावापुरतंच उरतं.

जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्यात नेणं मात्र गुन्हाच समजावा. कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकात सरकारनेच अलाबामा बास सोडला. तिथल्या न्यू बुलर्ड्स बार जलाशयात कोकॅनी (सॅमनचा एक प्रकार) माशांवर पोसलेला ११ पौंड ४ औंसांचा मासा २०१७ साली मिळाला, म्हणून त्या प्रयोगाचं कौतुक होतं. पण जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या चटूगी तलावात कुणीतरी हौसेने सोडलेल्या अलाबामा बासचा स्थानिक स्मॉलमाउथशी इतका संकर झाला, की शुद्ध स्मॉलमाउथ तिथून जवळजवळ नाहीसा झाला. संकरित पिल्लं नजरेने खात्रीने ओळखता येत नाहीत. त्यासाठी पराचा तुकडा कापून डीएनए तपासावा लागतो.