भाऊचा धक्का

भाऊचा धक्का : मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माझगाव भागात असलेला, प्रवासी लाँच आणि मासेमारी नौकांचा धक्का. बंदराच्या दप्तरी त्याचे नाव ‘न्यू फेरी व्हार्फ’ असे आहे. बोलण्यात ते फारसे कोणी वापरत नाही. हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड हे जवळचे स्थानक. दक्षिणेस प्रिन्सेस डॉक (आता भरावाखाली गेलेली गोदी), लगत मॅलेट बंदर आणि उत्तरेस माझगाव डॉकचा जहाजबांधणी कारखाना. येथून रेवस आणि मोरा (उरण) या ठिकाणी लाँच सुटतात, मांडव्याला वाहनांसह रो-रो सेवा आहे. ससून डॉकच्या जोडीने मुंबईतील मासळी उतरवण्याचे हे दुसरे मोठे ठिकाण. शिवडीपासून बॅलार्ड पिअरपर्यंतचा बहुतेक किनारा बंदराच्या भिंतींआड आहे आणि गोद्यांत पासाशिवाय प्रवेश नाही. त्यामुळे ज्यांचे बंदरात काही काम नाही, अशा माणसांनाही पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन जहाजांची ये-जा पाहता येईल अशा मोजक्या जागांत या धक्क्याची गणना होते.

उगम व काल : धक्का ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ‘भाऊ’ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य (मृत्यू १८५८), हे पाठारे प्रभू समाजातील गृहस्थ. कुलाब्याच्या तोफगाडे तयार करण्याच्या सरकारी कारखान्यात (गन कॅरेज फॅक्टरी) ते नोकरीस होते. त्यांना ‘भाऊ रसूल’ असेही म्हणत. कारखान्यावरील रसेल नावाच्या कॅप्टनाशी असलेल्या संबंधामुळे ते नाव पडले, ही उपपत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. मोठी गलबते आणि जहाजे त्या काळी खोल पाण्यात नांगरून राहत आणि माणसे व माल होड्यांतून, पुष्कळदा चिखल तुडवत किनाऱ्याला येत. ही अडचण ओळखून भाऊंनी चिंचबंदर-मशीदबंदरच्या बाजूला समुद्रात भराव घालून धक्का बांधला, असे परंपरागत चरित्रकथन सांगते. भरावासाठी शहरातील केरकचरा वापरल्याचेही सांगितले जाते. मुंबईच्या इतर भरावांचा इतिहास पाहता त्यात अशक्य काही नाही.

बांधकामाच्या वर्षाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. भाऊंच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या दोन धक्क्यांची नावे, क्लेअर बंदर आणि कर्नाक बंदर, हाच त्याबाबतीत उपयोगी पडणारा पुरावा. अर्ल ऑफ क्लेअर १८३१ ते १८३५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. सर जेम्स रिव्हेट-कर्नाक मे १८३९ मध्ये त्या पदावर आले आणि १८४१ मध्ये गेले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करणारे तेच हे कर्नाक. सार्वजनिक बांधकामांना बहुधा विद्यमान किंवा नुकत्याच गेलेल्या गव्हर्नराचे नाव देत. त्यावरून कर्नाक बंदराचे नामकरण १८३९ च्या आधीचे धरता येत नाही. क्लेअर बंदराचे काम त्यापूर्वी काही वर्षे झाले आणि कर्नाकचे नंतर, की दोन्ही एकाच योजनेचे भाग होते, याविषयी दोन मते संभवतात. दुसऱ्या मतात एक अडचण उरते : नवे बांधकाम चालू असताना चार-पाच वर्षांपूर्वी पद सोडून गेलेल्या गव्हर्नराची आठवण कोणाला कशासाठी व्हावी? म्हणून काम टप्प्याटप्प्याने झाले आणि १८४० च्या आसपास, थोडे मागे-पुढे, पुरे झाले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नेमके एक वर्ष छातीठोकपणे देणारी विधाने सावधपणे घ्यावीत.

स्थानाचा प्रश्न : मूळ धक्का आणि आजचा धक्का एक नव्हेत. १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने या किनाऱ्यावर मोठा भराव घातला. कापसाच्या तेजीचा बुडबुडा फुटल्यावर सरकारने तिची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पोर्ट ट्रस्टकडे ती आली. पुढे प्रिन्सेस डॉक (१८८०) आणि व्हिक्टोरिया डॉक या गोद्या खणल्या गेल्या. प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात भरतीच्या पातळीखाली गाडल्या गेलेल्या खैराच्या झाडांचे बुंधे सापडले होते, म्हणजे या किनाऱ्याची रेषा माणसाने हात लावण्याआधीही स्थिर नव्हती. एवढ्या उलथापालथीनंतर भाऊंच्या बांधकामाची रेषा आजच्या जमिनीवर आखून दाखवता येत नाही. ती कर्नाक बंदराच्या परिसरात, आता पाण्यापासून आत गेलेल्या पट्ट्यात कुठेतरी असावी. किनारपट्टीवरील आगबोटी आणि लाँच जिथून सुटत त्या जागेला प्रवाशांनी ‘भाऊचा धक्का’ म्हणणे चालू ठेवले आणि वाहतूक उत्तरेकडे सरकली तसे नावही तिच्याबरोबर गेले. म्हणून ‘भाऊंनी बांधलेला धक्का तो हाच’ हे लोकप्रिय विधान बरोबर ठरत नाही. कर्नाकचे नाव टिकवून असलेला रेल्वेवरील पूल २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि २०२५ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या पुलाला ‘सिंदूर’ नाव मिळाले. भाऊंचे नाव मात्र मूळ दगडांपासून सुटूनही चालू आहे.

कोकणच्या आगबोटी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-गोवा किनाऱ्यावर आगबोटी चालत. बाँबे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ही त्यांतील प्रमुख. स्वदेशी चळवळीच्या काळात तिच्याशी स्पर्धा करायला ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने लोकांत ओळखली गेलेली भारतीय कंपनी उभी राहिली. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीला जाई. पुष्कळ ठिकाणी ती बाहेर खोल पाण्यात थांबे आणि प्रवासी पडावातून किनाऱ्याला जात. आगोट (पावसाळ्याची सुरुवात) जवळ आली की ही वाहतूक बंद पडे, म्हणून मे महिन्याच्या शेवटी धक्क्यावर चाकरमान्यांची झुंबड उडे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, त्याआधीच हा प्रवास संपुष्टात आला होता.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी येथून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात उलटली. सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. नेमका आकडा निरनिराळ्या ठिकाणी वेगळा दिला जातो. अमावास्येच्या आसपासचे उधाण आणि भर पावसाळा, असा तो काळ होता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी काहींना वाचवले, बोट बुडाल्याची खबर शहरात पोहोचायला मात्र बराच वेळ लागला.

भरती-ओहोटी व धक्क्याचा दिनक्रम : येथील जहाजांचे वेळापत्रक घड्याळापेक्षा पाण्यावर चालते. मुंबई बंदरात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि उधाणाच्या दिवसांत दोहोंतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो बराच कमी असतो. पूर्ण भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत आजही उपयोगी आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला पाणी भरते; शुद्ध आणि वद्य पक्षाला हिशोब सारखाच, आणि एकदा दिवसा तसे एकदा रात्री. त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती (ओहोटी). भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीने पंचेचाळीस येतात. पंधरवड्यात साठणारा थोडा फरक सोडला तर रीत चोख आहे. पावसाळ्यात वृत्तपत्रांत ‘साडेचार मीटर उंचीच्या लाटा’ असे छापून येते ते चुकीचे आहे. तो आकडा लाटेचा नसून सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेल्या भरतीच्या पाण्याचा असतो.

हा हिशोब प्रवाशांनाही ठाऊक असतो, कारण रेवस आणि मोरा दोन्हीकडे गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच जेटीला लागत नाहीत. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की फेऱ्या थांबतात. एरवी मोरा आणि रेवस मार्ग पावसाळ्यातही चालू राहतात; गेटवे-मांडवा लाँच तेव्हा बंद असतात. जुन्या लाकडी लाँचवर सुकाणूशी बसलेला सारंग दोरी ओढून खाली इंजिनवाल्याला घंटेने इशारा देतो. लाँच धक्क्याकडे तिरकी येते, मागे घेतलेल्या इंजिनाने पाणी ढवळून तपकिरी होते, खलाशी दोराचा फास खुंटावर टाकतो आणि टायरवर लाकूड घासल्याचा आवाज येतो. दोर आवळण्याआधीच निम्मे प्रवासी उतरलेले असतात. जागा नसली तर दुसरी लाँच पहिलीला चिकटून उभी राहते आणि तिचे प्रवासी पहिलीवरून चालत धक्क्याला येतात.

मच्छीमार बाजूचा दिवस पहाटे सुरू होतो. ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या) आणि पर्ससीन (घेराचे जाळे टाकणाऱ्या) नौका एकीला एक लावून चार-पाचांच्या रांगेत उभ्या असतात, टोपल्या हातोहात वर येतात आणि दलालांच्या बोलीवर लिलाव होतो. कोळीवाड्यांतून आलेल्या बाया आपला माल पारखून उचलतात. परतीच्या नौकांत ठेचलेला बर्फ, डिझेल आणि गोडे पाणी भरले जाते. नौकेच्या कडेला ‘आयएनडी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, त्यातील राज्य व जिल्ह्याच्या खुणांवरून ती कुठली हे कळते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ही बाजू ओस पडते.

जहाजे ओळखणे : धक्क्यावरून समोर जवाहर द्वीपाचे (बुचर आयलंड) तेलधक्के आणि त्यामागे घारापुरी दिसते. आग्नेयेला १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन आहेत. ईशान्येला अटल सेतू (२०२४). नांगरलेली जहाजे प्रवाहाकडे तोंड करून राहतात, त्यामुळे भरती चालू असताना त्यांच्या नाळी (पुढची टोके) समुद्राकडे आणि ओहोटीला खाडीच्या आतल्या बाजूला वळलेल्या असतात. सगळी जहाजे वेडीवाकडी दिसू लागली की पाणी फिरते आहे असे समजावे. नांगरलेल्या जहाजाच्या पुढच्या भागात दिवसा काळा गोळा टांगतात. पाण्यालगतचा लाल रंगाचा पट्टा जितका रुंद दिसेल तितके जहाज हलके. भरलेल्या टँकरचा हा पट्टा जवळजवळ दिसतच नाही. अर्धा पांढरा व अर्धा लाल असा उभ्या दोन भागांचा बावटा असेल तर बंदराचा वाटाड्या (पायलट) जहाजावर चढलेला आहे. भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे उजवीकडे वळतो आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे घेतले आहे. नाव आणि नोंदणीचे बंदर मागच्या बाजूला लिहिलेले असते. भारतीय व्यापारी जहाजाचा ध्वज लाल, कोपऱ्यात तिरंगा असलेला.

गोद्यांतील जहाजे येथून जवळ असूनही कमी दिसतात. इंदिरा डॉकमध्ये (पूर्वीचे अलेक्झांड्रा डॉक, १९१४) जहाज आत-बाहेर नेण्यासाठी सुमारे २२८ मीटर लांब आणि साडेतीस मीटर रुंद पाणकोठी (लॉक) आहे, तर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांचे दरवाजे भरतीच्या सुमारास उघडत. याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. अलीकडे या दोन्ही गोद्या भरावाखाली गेल्या. माझगाव डॉकच्या बाजूला मात्र बांधणी चालू असलेल्या युद्धनौका उघड्या दिसतात. १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘नीलगिरी’ तिथेच तयार झाली. त्या बाजूचे छायाचित्रण सुरक्षारक्षकांना चालत नाही.

रो-रो सेवा : मार्च २०२० मध्ये ‘एम२एम-१’ या नौकेने मांडव्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. टाळेबंदीमुळे त्या लगेच थांबल्या आणि त्याच वर्षी पुन्हा चालू झाल्या. रस्त्याने तीन-चार तासांचा प्रवास पाण्यावरून सुमारे तासाभराचा होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी अलिबागकडे जाणाऱ्या मोटारींची रांग आता मासळीच्या टेम्पोंच्या शेजारी उभी असते.