ग्राफिक्स कार्डची मेमरी : किती जीबी आणि किती वेगवान

जुन्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड शोधायला बसलं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो जीबीचा आकडा. खोक्यावर सर्वांत ठळक तोच छापलेला असतो. मग ४ जीबीचं कार्ड २ जीबीच्या दुप्पट दमाचं, असा हिशोब मनात आपोआप होऊन जातो. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा याच हिशोबामुळे.

कार्डच्या मेमरीला मापं दोन आहेत. एक क्षमता, म्हणजे तिच्यात किती डेटा मावतो. दुसरं बँडविड्थ, म्हणजे त्या मेमरीतून ग्राफिक्स चिपपर्यंत सेकंदाला किती डेटा पोहोचतो. क्षमता खोक्यावर मिळते, बँडविड्थ बहुतेक वेळा शोधावी लागते. काढायला मात्र ती सोपी आहे : मेमरी बस (मेमरी आणि चिप यांना जोडणारा रस्ता) किती बिटची आहे आणि मेमरीचा वेग किती गिगाबिट आहे हे बघायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि ८ ने भागायचं.

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं जीटी १०३० घ्या. २०१७ साली ते जीडीडीआर५ या वेगवान मेमरीसह आलं. बस ६४ बिट, वेग ६ गिगाबिट, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी अगदी याच नावाने डीडीआर४ या मंद मेमरीची आवृत्ती बाजारात आली. बस तीच, पण बँडविड्थ १६.८ जीबी. दोन्हींवर '२ जीबी' असंच लिहिलेलं. कित्येक गेममध्ये दुसरी आवृत्ती पहिलीच्या निम्म्यावर येते. एकाच नावाखाली दोन इतकी वेगळी कार्डं विकणं ही ग्राहकाची सरळसरळ फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा फरक इतका का जाणवतो? सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा साठावा हिस्सा येतो. तेवढ्या वेळात ४८ जीबीवालं कार्ड फार तर ०.८ जीबी डेटा हलवू शकतं, १६.८ वालं जेमतेम ०.२८ जीबी. आता जीटी ७३० बघा. ६४ बिट बसवर डीडीआर३ मेमरी लावलेली त्याची आवृत्ती सेकंदाला १४.४ जीबी देते, आणि तिच्यावर ४ जीबी मेमरी असलेली कार्डंही मिळतात. एका फ्रेममध्ये त्या ४ जीबीपैकी पाव जीबीच्या आसपासच हाताशी येतो. बाकीची मेमरी असून नसल्यासारखी. स्वस्त कार्डांवर दिसणारी मोठी क्षमता पुष्कळदा अशीच असते, कारण मंद मेमरी भरपूर लावणं कंपनीला परवडतं आणि खोक्यावरचा आकडा मोठा दिसतो.

म्हणून क्षमतेला किंमत नाही असं मुळीच नाही. उलट जुन्या मशीनवर क्षमता कमी पडली तर त्याचा फटका नव्या मशीनपेक्षा जास्त बसतो, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात. कार्डची मेमरी भरली की ड्रायव्हर उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवतो. तिथून तो पुन्हा आणायचा म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, म्हणजे कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्यातून. हा रस्ता किती रुंद, ते स्लॉटच्या पिढीवर, म्हणजे मशीनच्या वयावर, आणि त्यातल्या लेनवर (डेटाच्या वाटांवर) ठरतं. सोळा लेनच्या स्लॉटमधून तिसऱ्या पिढीत एका दिशेने सेकंदाला १६ जीबीच्या जरा आत डेटा जातो, दुसऱ्या पिढीत ८ जीबी. इंटेलच्या डेस्कटॉपवर तिसरी पिढी २०१२ मध्ये आली. चौथी एएमडीने २०१९ मध्ये आणली, इंटेलने २०२१ मध्ये. तुमचा मदरबोर्ड त्याआधीचा असेल तर त्यात चौथी पिढी नाही, हे धरूनच चला.

त्यातही कार्ड सगळ्या लेन वापरतंच असं नाही. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी (जानेवारी २०२२) सोळा लेनच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतं, पण चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या बोर्डावर हे खपून जातं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तोच रस्ता सेकंदाला ४ जीबीच्या आसपास उरतो, म्हणजे ६० फ्रेमच्या हिशोबाने दर फ्रेमला पासष्ट-एक एमबी. त्यात कार्डवर मेमरी ४ जीबीच. ती भरली की गेम दचके खायला लागतो. तिसऱ्या पिढीच्या बोर्डासाठी हे कार्ड मी कुणालाच सुचवणार नाही.

आपल्या सध्याच्या कार्डाला नेमकं काय कमी पडतंय हे विकत घेण्याआधी घरीच तपासता येतं. गेमचं टेक्श्चर (वस्तूंवरची नक्षी) सेटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणा. दचके थांबले, तर क्षमता अपुरी होती. टेक्श्चर कमी करूनही फरक पडला नाही, पण रिझोल्यूशन कमी केल्यावर फ्रेम वाढल्या, तर बँडविड्थ किंवा खुद्द चिपच कमी पडतेय. दोन्ही करूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर अडसर बहुधा प्रोसेसरचा आहे आणि नवं कार्ड घेऊन फारसं काही बदलणार नाही. क्षमतेची टंचाई सलग जाणवत नाही : गेम काही वेळ झकास चालतो, वळणावर नाहीतर नव्या जागेत शिरताना अडकतो, भिंतींवरची नक्षी धूसर राहून उशिरा स्पष्ट होते. बँडविड्थची टंचाई मात्र सारखी जाणवत राहते. फ्रेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीच.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली जीपीयू उघडला की डेडिकेटेड आणि शेअर्ड असे दोन आकडे दिसतात. कार्डवरची खरी मेमरी म्हणजे डेडिकेटेड. शेअर्ड हा रॅममधला वाटा असतो, सहसा निम्म्या रॅमइतका. दोन्हींची बेरीज दाखवून '१० जीबी ग्राफिक्स' म्हणणाऱ्या जाहिराती दिसल्या तर पुढे सरका.

एकाच कार्डात ही दोन्ही मापं एकमेकांत कशी गुंतू शकतात, हे बघायला जीटीएक्स ९७० पुरेसं आहे. २०१४ साली ते ४ जीबीचं म्हणून विकलं गेलं. त्यातला ३.५ जीबी भाग वेगवान आणि शेवटचा अर्धा जीबी फारच मंद, हे एनव्हिडियाने जानेवारी २०१५ मध्ये मान्य केलं. जुन्या बाजारात ते दिसलं तर ३.५ जीबीचं समजूनच भाव करा.

नाव एक आणि कार्डं दोन, ही सवय अजून गेलेली नाही. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबी मॉडेल १२८ बिटचं आहे, सेकंदाला २२४ जीबी. ६ जीबीवालं ९६ बिटचं, १६८ जीबी, आणि त्याची चिपही कापलेली. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मॉडेलची बँडविड्थ ३६० जीबी आणि ८ जीबी मॉडेलची २४०. इथे क्षमता कमी झाली तशी बँडविड्थही कमी झाली, त्यामुळे स्वस्त मॉडेल घेणाऱ्याचं नुकसान दुहेरी आहे. उलट आरटीएक्स ४०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबी मॉडेलांमध्ये बँडविड्थ सारखीच, २८८ जीबी. तिथे जास्तीचे पैसे फक्त क्षमतेचे.

बँडविड्थचे आकडे मात्र एकाच पिढीत ताडून बघावेत. आरटीएक्स ४०६० सेकंदाला २७२ जीबीच देतं, तरी सहसा ३६० जीबीच्या ३०६० पेक्षा पुढेच असतं, कारण चिपच्या आतली कॅश (सारखा लागणारा डेटा ठेवायची छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबी झाली आणि मेमरीकडे धाव घ्यायची वेळच कमी आली.

३०५० च्या ६ जीबी मॉडेलचं मी वर वाईट सांगितलं, पण कंपनीने बनवून दिलेल्या जुन्या ऑफिस-डेस्कटॉपसाठी मी तेच निवडेन. ते ७० वॅटचं आहे. स्लॉटमधून ७५ वॅट मिळू शकतात, त्यामुळे सहसा वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि अशा मशीनच्या पॉवर सप्लायला ती केबल बहुधा नसतेच. आठ लेन, ६ जीबी आणि १६८ जीबीचा वेग हे तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर नीट जुळतं. कॅबिनेटमध्ये किती लांबीचं आणि किती उंचीचं कार्ड मावेल, ते टेप लावून आधी मोजून घ्या.

वापरलेलं कार्ड घेत असाल तर ते मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारा प्रोग्राम) चालवायला सांगा. मेमरी टाइप, बस विड्थ, बँडविड्थ आणि मेमरी साइज या चारही ओळी तिथे एकाच खिडकीत दिसतात. बायॉस (कार्डमधलाच छोटा प्रोग्राम) बदलून भारी नावाने विकलेली बरीच कार्डंही तिथेच 'फेक' म्हणून उघडी पडतात.