कुत्रीची नसबंदी : शस्त्रक्रियेनंतरची देखभाल

कुत्रीच्या नसबंदीत दोन्ही अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. पुण्यातल्या दवाखान्यांत या शस्त्रक्रियेला सर्रास ‘स्पे’ म्हणतात. पूर्ण भूल देऊन बेंबीखाली मध्यरेषेवर छेद घेतात, रक्तवाहिन्या दोऱ्याने घट्ट बांधतात आणि पोट थराथराने शिवतात. बाहेर दोन इंचांची रेघ दिसते, पण आत पोटाची भिंत शिवलेली असते. त्वचा दहा दिवसांत मिटते, आतल्या आवरणाला पुरते बळ यायला कित्येक आठवडे लागतात. कुत्री मात्र तिसऱ्या दिवशीच सोफ्यावर उडी मारायला निघते. बहुतेक बिघाड या तफावतीतून होतात, म्हणून तिला हिंडण्यापासून रोखणे हा उपचाराचाच भाग आहे.

घरी नेताना काखेत धरून उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांमागून घालावा, म्हणजे पोटावर ताण येत नाही. पहिल्या रात्री झोपायची जागा जमिनीवरच असावी. शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की टाके ताणतात, म्हणून गोधडीखाली रबरी चटई टाकावी. भुलीमुळे अंग गार पडते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे बराच गारठा असतो. तेव्हा पांघरूण घालावे आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवावी, कारण गुंगीतली कुत्री चटका बसला तरी सरकत नाही.

पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी आणि ते पचले तर नेहमीच्या पाव ते निम्मे जेवण द्यावे. मऊ भात आणि बिनमसाल्याचे उकडलेले चिकन चालते. एखादी उलटी किंवा श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे दोन दिवस हलका खोकला येऊ शकतो. शीही दोन-तीन दिवस होत नाही, कारण पोट रिकामे असते. ‘ऑपरेशन झालंय, ताकद यायला हवी’ म्हणून घरातली मोठी माणसे मायेने शिरा, डिंकाचे लाडू पुढे करतात. तुपाने जुलाब होतात, आणि बेदाणे-मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

पहिल्या चोवीस तासांत हिरड्यांवर लक्ष हवे. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या फिक्या, पोट फुगत चाललेले, श्वास जलद आणि कुत्री गळून गेलेली असेल, तर आत रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. पुण्यात गोचीड-ताप नेहमीचा आहे आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणीचा आग्रह धरण्याचे हे मोठे कारण.

वेदनाशामक औषध, बहुधा मेलॉक्सिकॅम, वजनानुसार ठरवून दिलेले असते. ते जेवणानंतरच द्यावे. घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लॅम देऊ नये : पॅरासिटॅमॉलने यकृत बिघडू शकते, तर आयब्युप्रोफेनने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

जखम दिवसातून दोनदा उजेडात पाहावी आणि रोज एक फोटो काढून ठेवावा, कारण सूज वाढतेय की उतरतेय हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. कडा जुळलेल्या, कोरड्या, जराशा गुलाबी असाव्यात. टाक्यांखाली न दुखणारी मऊ गाठ बहुधा साचलेल्या पाण्याची असते. तरी ती डॉक्टरांना दाखवावी, कारण हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीच्या फटीतून आतला भाग बाहेर येणे, हीही तशीच दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक फिकट लाल पाणी झिरपू लागले तर आतले टाके सुटत असू शकतात, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काहीही लावू नये. ज्या पेशी जखम भरतात, त्यांनाच यांतली जंतुनाशके जाळतात. चाटण्यापासून वाचवायला कोन, म्हणजे मानेभोवती बसणारी नरसाळ्यासारखी कॉलर, टाके काढेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, रात्रीही गळ्यात हवा. टाके उपटायला तिला पाच मिनिटे पुरतात. कोन अजिबात सहन होत नसेल तर अंगभर सुती टी-शर्ट घालावा, मात्र तो ओला झाला की लगेच बदलावा.

पावसाळ्यात हीच देखभाल कठीण होते. ओल्या जखमेवर माशा अंडी घालतात. ती तांदळाच्या बारीक कणीसारखी दिसतात आणि दिवसभरात त्यांतून अळ्या निघतात. खोलीत पंखा आणि खिडकीला जाळी ठेवावी, पट्टा लावून पाच-सात मिनिटांत शी-शू उरकून आणावी, पाय कोरडे पुसावेत. आंघोळ दोन आठवडे बंद. तळजाई किंवा वेताळ टेकडीची फेरी त्यानंतरच, तीही हळूहळू वाढवत. माजावर असताना शस्त्रक्रिया झाली असेल तर आठवडाभर नर मागे लागू शकतात, त्यांना दूर ठेवावे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोन घालून सोडता येत नाही. म्हणून त्यांच्यात कुशीवरून छोटा छेद घेऊन आपोआप विरघळणारे टाके घालण्याची पद्धत रूढ आहे. खूण म्हणून कानाचे टोक कापलेले असते. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार त्यांना सहसा पकडलेल्या जागीच परत सोडावे लागते. रोज खाऊ घालणाऱ्यांनी पुढचा आठवडा कुशीवर नजर टाकली, तर पू किंवा अळ्या वेळीच लक्षात येतात.

नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण पाव भागाने घटते, भूक मात्र वाढते. टाके निघाल्यावर लगेच अन्न मोजून द्यायला लागावे. हलक्या हाताने बरगड्या लागल्या पाहिजेत. पुढे काही कुत्र्यांची, विशेषतः मोठ्या जातींची, झोपेत नकळत लघवी होते. ही खोड नव्हे. संप्रेरक घटल्याने मूत्रमार्गाची पकड सैल होते आणि त्यावर गोळ्या आहेत, त्यामुळे तिला रागावू नये.