निंजुत्सूचा अमेरिकेतील प्रसार

निंजुत्सू ही जपानी युद्धकला अमेरिकेतील सर्वसामान्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली ती १९८० च्या दशकात. या प्रसारात सर्वांत मोठा वाटा स्टीफन के. हेझ (जन्म ९ सप्टेंबर १९४९) यांचा आहे. ही कला शिकायला जपान गाठणारे ते पहिले परदेशी नव्हते; इस्राएलचे डोरॉन नावोन त्यांच्या आधी तिथे शिकून मायदेशी परतले होते आणि शिकवूही लागले होते. पण ज्यांनी जपान पाहिलेला नाही, जपानी भाषा ज्यांच्या कानावरही पडलेली नाही, अशांना ही कला कशी शिकवायची याचा विचार हेझ यांच्याइतका क्वचितच कुणी केला असेल.

जुने निंजुत्सू जपानमधील इगा आणि कोगा या डोंगराळ भागांत वाढले. १६७६ मध्ये संकलित झालेल्या ‘बान्सेन्शुकाई’ या ग्रंथात हेरगिरी, किल्ल्यात शिरकाव, आगी लावणे, हवामानाचे अंदाज यांचे तपशीलवार विवेचन आहे. हातघाईच्या लढाईला त्यात फारसे स्थान नाही. हेझ ज्या परंपरेकडे वळले तिचा भर मात्र शरीराच्या हालचालींवर आहे. ती परंपरा म्हणजे मासाआकी हात्सुमी (जन्म १९३१) यांची बुजिनकान संस्था. हात्सुमींना हा वारसा मिळाला तोशित्सुगु ताकामात्सु यांच्याकडून. १९७२ मध्ये ताकामात्सु वारले. बुजिनकानमध्ये नऊ शाखांची शिकवण एकत्र केलेली असून त्यांतल्या तीनच निंजांच्या, म्हणजे निंजुत्सू जाणणाऱ्या हेर-योद्ध्यांच्या, आहेत, बाकीच्या सामुराईंच्या युद्धपरंपरेतल्या. तोगाकुरे या प्रमुख शाखेची वंशावळ बाराव्या शतकापर्यंत मागे नेली जाते, परंतु ताकामात्सूंच्या आधीच्या पिढ्यांबद्दल इतिहासकारांना शंका आहे. ती शंका रास्तच आहे. मात्र डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, प्रत्यक्ष शिकवल्या जाणाऱ्या कौशल्याचे मोल वंशावळीवरून ठरत नाही.

हेझ ओहायो राज्यातील डेटन शहरात वाढले. महाविद्यालयात त्यांनी नाट्यशास्त्राचा अभ्यास केला आणि तिथेच तांग सू दो ही कोरियन युद्धकला शिकायला घेतली. १९७५ मध्ये ते चिबा प्रांतातील नोदा या गावी हात्सुमींकडे दाखल झाले. हात्सुमी हाडवैद्याचा व्यवसाय सांभाळून शिकवत. एखादी क्रिया ते करून दाखवत, लगेच तीच वेगळ्या तऱ्हेने करत. पाहून जे उमगेल ते शिष्याने उचलायचे. पाचव्या दानची (काळ्या पट्ट्यातील पाचव्या श्रेणीची) परीक्षा तर याहून कठीण. शिष्य पाठमोरा, गुडघे दुमडून बसतो. मागे उभा असलेला गुरू त्याच्या डोक्यावर तलवार (आता बहुधा बांबूची) उतरवतो आणि शिष्याने न पाहता, वार नेमका सुटताच बाजूला लोळण घ्यायची. ही परीक्षा उतरल्यावरच स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार मिळतो.

अशी शिकवण डेटनमध्ये संध्याकाळी दोन तास वेळ काढून येणाऱ्या नोकरदाराच्या पचनी पडणे अवघडच होते. १९८० च्या सुमारास परतल्यावर हेझ यांनी गोदाई, म्हणजे पाच तत्त्वांची चौकट, शिकवण्याच्या केंद्रस्थानी आणली. भूमी म्हणजे पवित्रा न सोडता ठाम राहणे. जल म्हणजे तिरके मागे सरकत समोरच्याला तोल जाईपर्यंत ओढून घेणे. अग्नी म्हणजे त्याचा वार पुरा होण्याआधीच आत घुसणे. वायू म्हणजे वळसा घेत वाराच्या रेषेतून निसटणे. आणि शून्य म्हणजे ठरावीक उत्तर नसलेली, त्या क्षणी सुचणारी हालचाल. प्रत्येक तत्त्वाला त्यांनी मनाची एक अवस्थाही जोडली. नवख्याला आपण घाबरून मागे सरतो की चिडून पुढे धावतो हे कळते आणि त्याच स्वभावातून डावपेच घडवता येतो. ही पाच तत्त्वे आपलीच पंचमहाभूते आहेत. बौद्ध गूढसाधनेबरोबर ती भारतातून चीनमार्गे जपानला गेली. त्याच साधनेतल्या हस्तमुद्राही निंजांच्या परंपरेत उतरल्या. हेझ यांनी पुढे, १९९१ मध्ये, तेंदाई या बौद्ध पंथाची दीक्षा घेतली.

बुजिनकानमधील अनेकांनी या मांडणीवर आक्षेप घेतला. पाच तत्त्वांची नावे असलेले पाच मूलभूत सराव तिथे आहेतच, पण त्यांना भावावस्थांची जोड देणे ही हेझ यांची स्वतःची भर, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबर आहे. तरीही शिकवण्याची पद्धत म्हणून ही मांडणी कसदार आहे आणि पाश्चात्त्य विद्यार्थी टिकले त्यात तिचा हात मोठा आहे.

त्याच दशकात चित्रपटांमुळे काळ्या बुरख्यातल्या निंजांची लाट आली. लोखंडी फेकतारका पोरांच्या हाती पडू लागल्या; ब्रिटनने १९८८ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. हेझ यांच्या पुस्तकांचा खप या लाटेमुळे वाढला, ‘ब्लॅक बेल्ट’ मासिकाने १९८५ मध्ये त्यांचा सन्मान केला, पण कलेबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरले.

१९९७ मध्ये हेझ यांनी ‘तो-शिन दो’ ही स्वतंत्र पद्धत सुरू केली. पायाभूत हालचाली बुजिनकानच्याच. सराव मात्र आजच्या रस्त्यावरच्या हल्ल्यांचा : धक्काबुक्की, कॉलर धरणे, बाजूने येणारा ठोसा, जमिनीवर पाडणे, चाकू. विद्यार्थ्यांच्या श्रेणीही पाच तत्त्वांच्या क्रमाने लावल्या आहेत. पुढे हात्सुमींच्या संस्थेशी त्यांचे संबंध तुटले आणि २००६ मध्ये नोदाच्या मुख्य डोजोतील त्यांच्या नावाची पाटी उतरवण्यात आली. अमेरिकेत आज बुजिनकानचे डोजो आणि तो-शिन दोच्या शाळा स्वतंत्रपणे चालतात.