कर्करोग जनजागृती आणि मदतकार्य (नागपूर)

कॅन्सर लवकर ओळखता यावा, त्याबद्दलची भीती नि लाज कमी व्हावी, पेशंटला उपचार, पैसा आणि राहायची सोय मिळावी, संशोधनाला आकडे मिळावेत यासाठी नागपुरात सरकारी दवाखाने, ट्रस्ट, डेंटल कॉलेजं, क्लब, महिला मंडळं जे काही करतात ते सगळं मिळून या नोंदीचा विषय. शिबिरं, संविधान चौकातून निघणाऱ्या रॅल्या, पथनाट्य, रांगोळी स्पर्धा हे सगळ्यांनी पाहिलेलंच असतं, त्यामुळे त्याचं वर्णन इथं केलेलं नाही.

तारखांचा उगम

जनजागृतीचं कॅलेंडर दोन-चार तारखांभोवती फिरतं. ४ फेब्रुवारीच्या जागतिक कर्करोग दिनाबद्दल वाद नाही, ४ फेब्रुवारी २००० ला पॅरिसच्या परिषदेत एका सनदेवर सह्या झाल्या आणि त्यातूनच हा दिवस आला. ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन आपल्याकडचा, त्याची घोषणा तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी २०१४ मध्ये केली, तारीख घेतली मेरी क्युरींच्या जन्माची (१८६७). केंद्र सरकारचा राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५ च्या सुमाराचा, त्याची आणि या दिवसाची सरमिसळ करू नये. जाता जाता, ७ नोव्हेंबर हीच सी. व्ही. रामन यांचीही जन्मतारीख (१८८८), आणि रामन १९१० च्या आसपास काही काळ नागपुरात अकाउंट्स खात्यात नोकरीला होते. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे. त्यांनी शोधलेल्या प्रकाशाच्या परिणामावर आधारलेलं तंत्र वापरून तोंडाचा कॅन्सर तुकडा न काढता ओळखता येतो का यावर टाटा मेमोरियलच्या नवी मुंबईतल्या संशोधन केंद्रात काम झालेलं आहे. शहरातल्या ७ नोव्हेंबरच्या भाषणांत हा धागा सहसा कोणी पकडत नाही याचं जरा आश्चर्यच वाटतं.

२२ सप्टेंबरच्या रोज डेचं (कॅन्सर पेशंटना गुलाब देण्याचा दिवस) प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. सगळीकडे छापली जाणारी गोष्ट अशी की मेलिंडा रोज नावाच्या कॅनडातल्या बारा वर्षांच्या मुलीला १९९४ मध्ये आस्किन ट्यूमर झाला, डॉक्टरांनी काही आठवड्यांची मुदत दिली पण ती त्याहून पुष्कळ जास्त जगली आणि तेवढ्या काळात इतर पेशंटना पत्रं, कविता पाठवत राहिली. नाव आणि वय यावर सगळ्यांचं एकमत, पण ती जगली किती यावर नाही, कोणी सहा महिने लिहितं तर कोणी थेट १९९६ पर्यंत नेतं. त्यात आस्किन ट्यूमर हा रक्ताचा कॅन्सर असं बिनधास्त छापलं जातं, प्रत्यक्षात ती छातीच्या भिंतीतली गाठ आहे आणि ती युइंग सार्कोमाच्या (हाडं आणि मऊ ऊतींमधला कॅन्सर) कुटुंबात मोडते. या दिवसाचा बोलबाला कॅनडापेक्षा भारतातच जास्त दिसतो आणि मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसारख्या संस्थांनी तो इथं रुजवला, हे लक्षात घेतलं तर मूळ घटना खरी पण तपशील हस्ते परहस्ते वाढत गेलेला, असं मानणं जास्त सुरक्षित. वॉर्डात गुलाब वाटायला अर्थात यातलं काहीच आड येत नाही.

स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या ऑक्टोबरमधल्या गुलाबी रिबिनीचा उगम अमेरिकेतला, १९९०-९२ च्या दरम्यानचा.

नोंदणी

नागपूरचं वेगळेपण शोधायचं तर ते कॅन्सर रजिस्ट्रीत म्हणजे नोंदणीत सापडतं, आणि गंमत म्हणजे जनजागृतीवर बोलताना तिचंच नाव सगळ्यात कमी निघतं. इंडियन कॅन्सर सोसायटीने (स्थापना १९५१) मुंबईत १९६३ मध्ये लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली, भारतातली ती पहिली. मग पुणे १९७३, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) १९७८ आणि नागपूर १९८०. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम त्यानंतरचा. त्याचं वर्ष कुठे १९८१ तर कुठे १९८२ दिसतं, कारण कार्यक्रम १९८१ च्या शेवटी उभा राहिला आणि आकडे गोळा करणं १ जानेवारी १९८२ पासून सुरू झालं. कोणतंही वर्ष धरा, नागपूरची नोंदणी त्याच्या आधीचीच ठरते.

हे काम चालतं कसं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पेपरात येणारे अर्धे आकडे इथंच चुकतात. नोंदणीतला माणूस दवाखान्यात बसून पेशंटची वाट बघत नाही, तो स्वतः हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब आणि महापालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी ऑफिस फिरतो, केस पेपर उघडून नाव, वय, पत्ता, गाठ कुठली, तपासणी कशाने झाली हे उतरवून घेतो. नोंद फक्त शहरात राहणाऱ्याची होते, आणि राहणारा म्हणजे निदान वर्षभर इथं राहिलेला. मग एकच माणूस आधी मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल), मग खासगीत, मग मुंबईला गेला असेल तर त्याच्या तीन नोंदींची एक करायची, यात स्पेलिंग, आडनाव, अर्धवट पत्ता यांच्याशी जी झटापट चालते ती बाहेरच्याला कळणार नाही. ज्यांचा कॅन्सर फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळला अशा केसेस वेगळ्या मोजतात, त्या जास्त निघाल्या तर समजायचं की नोंदणीच्या जाळ्याला भोकं आहेत.

यातून एक साधी गोष्ट निघते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव इथून पेशंट नागपूरला येतात, त्यांच्याच गर्दीने ओपीडी भरते, पण ते नागपूरच्या दरात नसतात. म्हणून "अमुक हॉस्पिटलला वर्षाला इतके पेशंट आले, म्हणजे नागपुरात कॅन्सर इतका वाढला" हे गणितच चुकीचं. खरा आकडा लाखामागे काढतात आणि तोही वयानुसार जुळवून घेतात, कारण म्हातारी माणसं जास्त असलेल्या शहरात कॅन्सर जास्त दिसणारच. असा जुळवलेला पुरुषांचा दर २०१२ ते २०१६ च्या आकड्यांवरून काढलेल्या राष्ट्रीय अहवालात मिझोरामच्या ऐझॉलला २६९.४ आहे आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव)-बीडला ३९.५. एवढ्या फरकात खरा आजार किती आणि निदानच न झालेले लोक किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्हीचा हात आहे असं म्हणणाऱ्यांची बाजू जास्त पटते.

नागपुरात पुरुषांमध्ये तोंडाचा आणि बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर वरच्या नंबरला आहे. पण तोंडाच्या बाबतीत एक मेख आहे, आंतरराष्ट्रीय कोडिंगमध्ये जिभेचा वेगळा (सी ०१-०२) आणि गाल, हिरडी, टाळू यांचा वेगळा (सी ०३-०६) मोजतात, त्यामुळे दोन्ही एकत्र केले की चित्र अजूनच तोंडाकडे झुकतं. शेजारी वर्ध्याची वेगळी जिल्हा नोंदणी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजकडून चालते, शहर आणि गाव यांची तुलना करायला ती कामाची.

खर्रा

आकडे तोंडाकडे बोट दाखवतात आणि कॅलेंडर बहुतेक रिबिनींचं, म्हणून इथल्या जनजागृतीला खर्र्याशिवाय गती नाही. सुपारीचा बारीक चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन पानठेलेवाला तळहाताने फळीवर जोर लावून घोटत राहतो, चुन्याने आणि सुपारीच्या ओलाव्याने माल एकजीव होऊन चॉकलेटी झाला की त्याच पन्नीत गुंडाळी करून देतो. गिऱ्हाईक ती खिशात ठेवून दिवसभर थोडी थोडी चघळतं. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली, पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासकट इशारा २०१६ पासून छापावा लागतो, पण खर्रा ठेल्यावर तयार होतो, त्याला पाकीटच नाही, मग इशारा छापणार कशावर? सुगंधित तंबाखूवरही राज्यात बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कुठल्याही ठेल्यावर जाऊन बघता येईल. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेसोबत चाललेलं मुक्तिपथ अभियान याच खर्र्यावर आणि दारूवर गावपातळीवर काम करतं. नागपूर शहरात त्या तोडीचं सलग काम दिसत नाही, शाळांतली शपथ आणि ३१ मेचं तंबाखूविरोधी दिनाचं भाषण यावरच गाडी अडते.

सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं तो आजार म्हणजे सबम्युकस फायब्रोसिस. याचं पहिलं वर्णन कोणाचं यावर बरंच लिहिलं गेलंय. सुश्रुताने सांगितलेला विदारी हाच तो, असं काहीजण मानतात, पण ते वर्णन घशाच्या दुसऱ्या आजारांनाही लागू पडेल इतकं मोघम आहे. आधुनिक वैद्यकात १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या जोशींनी भारतातल्या केसेस मांडल्या, तिथूनच मोजणं बरं. आधी दोष मिरचीला दिला जायचा, पुढे सुपारीतलं अरेकोलीन हे मुख्य कारण म्हणून पुढे आलं, आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरवलं. केरळमधल्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात अशा पेशंटपैकी ७.६ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो" असं म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

शिबिरात करायची साधी तपासणी म्हणजे पेशंटने स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघायची. दोनच जात असतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरा नि ताठ लागत असेल, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल तर दाताच्या डॉक्टरकडे जायचं. मेडिकलच्या आवारातलं शासकीय डेंटल कॉलेज यासाठी हाताशी आहे.

तपासणीने खरंच फरक पडतो का

पडतो, पण सगळीकडे सारखा नाही. तिरुवनंतपुरमला १९९६ पासून चाललेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंड तपासलं, २००५ च्या निकालात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी दिसले, सगळ्या लोकसंख्येत मात्र फरक ठाम दिसला नाही. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात लाखभराहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात (निकाल २००९) एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमधल्या स्तन तपासणीच्या चाचणीत ५० च्या पुढच्या बायकांना फायदा झाला, त्याखालच्यांना तसा दिसला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांचं सगळं तपासण्यापेक्षा खर्रा खाणारे ऑटोवाले, हमाल, बांधकाम मजूर यांची तोंडं आधी तपासावीत असा निष्कर्ष निघतो, पण शिबिरं भरतात ती बहुधा समाजभवनात आणि तीही दुपारी, जेव्हा हे लोक कामावर असतात.

संस्था

मेडिकलचं (स्थापना १९४७) रेडिओथेरपी खातं हा गरीब पेशंटचा जुना आधार. तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय कॅन्सर रिलीफ सोसायटी चालवते, ते १९७० च्या दशकातलं. व्यसनांविरुद्ध खंजिरीवर भजनं म्हणत गावोगाव फिरलेले तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला कॅन्सरनेच गेले, त्यामुळे हे नाव नुसतं उपचारापुरतं दिलेलं नाही. जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट डॉ. आबाजी थत्ते सेवा और अनुसंधान संस्थेचं, पहिल्या टप्प्याचं उद्घाटन २०१७ मध्ये रतन टाटांच्या हस्ते आणि ४७० खाटांचं पूर्ण हॉस्पिटल २०२३ पासून. मिहानमध्ये एम्स आहे.

मदत

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार यादीतल्या हॉस्पिटलांत मोफत होतो. त्यासाठी आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचा मदतनीस) काउंटरवर रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवावं लागतं, दोन्हींवरच्या नावात फरक असला की सगळं तिथंच अडकतं, म्हणून गावाहून निघायच्या आधीच नाव तपासून घेतलेलं बरं. रेल्वेत उपचाराला किंवा चेकअपला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत, पण ठरलेल्या नमुन्यातल्या सर्टिफिकेटवर हॉस्पिटलची सही-शिक्का हवा आणि रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे. एसटीतही सवलत आहे. दुखणं आवरण्यासाठीच्या मॉर्फिनचे नियम २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर सैल झाले, तरी छोट्या गावात ते सहज मिळत नाही, नागपुरात उपशामक सेवेसाठी (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा) स्नेहांचलसारखी संस्था आहे. महिनाभर रेडिएशन चालतं तेव्हा सोबतच्या नातेवाइकाने राहायचं कुठे, खायचं काय हा प्रश्न बहुतेक धर्मशाळा आणि अन्नदान करणारी मंडळंच सोडवतात.