रात्री साडेदहाची भूक
आमच्या डब्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महिनाअखेर आली किंवा परीक्षा तोंडावर आल्या, की दुपारचे डबे अर्धे भरलेले परत येतात. पोळ्या वाळलेल्या, वरणाला हातही लावलेला नाही. आणि रात्री त्याच ग्राहकांकडून फोन येतो, "काही चमचमीत उरलंय का?"

पोटाची भूक हळूहळू वाढते, तिला गोळाभात चालतो आणि कालची पोळीही. मनाची भूक एकदम उसळते आणि अडून बसते: तर्रीपोहेच हवेत, संत्रा बर्फीच हवी. पोट भरलं तरी हात थांबत नाही, मग मनाला खात राहतं. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि गोड-तेलकटाची ओढ लागते. जागरणानं भूक वाढवणारं घ्रेलिनही वाढतं. तेव्हा जिभेवर ताबा नाही म्हणून स्वतःला कोसू नका. कोसलं की मन आणखी खट्टू होतं, आणि पुन्हा फरसाणाचा डबा उघडतो.

पहिली गोष्ट, दुपारचं जेवण टाळू नका. (धंद्यासाठी सांगतो असं वाटेल, पण डबा घरचा असला तरी हेच सांगू.) दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रात्री तुटून पडणारच.

दुसरं, आठवडाभर वही ठेवा. कॅलरी मोजायच्या नाहीत. "सात वाजता, साहेब ओरडले, शेव" एवढं पुरे. बहुतेकांना त्यात आपली ठरलेली वेळ सापडते. त्या वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबून पाहा. फुटाळा तलावावर चक्कर मारा, आईला फोन लावा. तल्लफ बरेचदा तेवढ्यात ओसरते. नाही ओसरली तर खा, पण वाटीत काढून, मोबाइल बाजूला ठेवून, सावकाश. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला सुमारे 20 मिनिटं लागतात, तोवर अख्खं पाकीट संपलेलं असतं. बर्फी कायमची बंद करायची शपथ मात्र घेऊ नका, अशा शपथा रविवारपर्यंतही टिकत नाहीत.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.

थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, थांबवता येत नाही आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललंय, तर तो बिंज ईटिंगचा आजार असू शकतो. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल तर तीन महिने वाट पाहू नका. आम्ही डबेवाले, यावर इलाज आमच्याकडे नाही. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार विभागात दाखवा किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर बोला, मराठीत बोलता येतं.

आमच्याकडून एवढं करता येईल: रात्रीचा डबा लवकर हवा असेल किंवा सोबत संध्याकाळसाठी फुटाणे आणि फळ हवं असेल, तर दुपारी तीनच्या आत कळवा. वेळ बदलण्याचे वेगळे पैसे नाहीत. फुटाणे-फळाचे तेवढे महिन्याच्या हिशेबात लागतील.